धुक्यातला घना

पक्षिनिरीक्षण हा सुखवस्तू माणसांचा रिकामपणचा उद्योग आहे, असा समज आपल्या वाड्यापाड्यांतून अद्याप टिकून आहे. गळ्यात दुर्बीण अडकवून मिठागराच्या बांधावर उभे राहिले, की "बाई, काही हरवलंय का?" असे विचारणारा एखादा शेजारी हमखास भेटतो. त्याला काय उत्तर द्यावे हे मला आजवर सुचलेले नाही. आमच्या छोट्याशा पक्षिमंडळात सुखवस्तू म्हणावा असा एकही सभासद नाही. रेल्वेतून निवृत्त झालेले एक मोटरमन, जीवशास्त्र शिकविणाऱ्या एक सिस्टर, पोस्टात नोकरीला असलेला आमचा चिटणीस, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली, फुलांची वाडी करणारे एक जोडपे, माझ्यासारख्या दोन-तीन निवृत्त शिक्षिका आणि या सर्वांत वयाने ज्येष्ठ असे माझे मामा. महिन्यातून एका शनिवारी भल्या पहाटे खाजणाकडे जायचे, दोन तास पक्षी मोजायचे, चिटणीसाच्या वहीत नोंद करायची आणि घरी परतून आपापल्या कामाला लागायचे, एवढाच आमचा कार्यक्रम.

असे असताना २०१९ च्या जानेवारीत आम्ही थेट भरतपूर गाठले, याला कारण आमचा चिटणीस. दोन वर्षे त्याने दरमहा प्रत्येकाकडून थोडे थोडे पैसे जमविले. तीन राजांचा सण आटोपला आणि आम्ही अकरा जण बोरिवलीहून गोल्डन टेंपल मेलने निघालो. दुसऱ्या दिवशी भरतपूर, तिसरा दिवस संपूर्ण केवलादेव उद्यानात, आणि मग आग्रा, असा बेत होता. आग्र्याला जेझुइट धर्मगुरूंनी अकबराच्या काळात उभारलेले चर्च आहे. त्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते पुन्हा केव्हातरी. या लेखात मला त्या एका दिवसाविषयीच लिहायचे आहे.

मामांनी यावे असे त्यांच्या घरात कोणालाच वाटत नव्हते. वय ७९. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासे झालेले. उजव्याने बोगद्याच्या आतून बाहेर पाहावे तसे समोरचे तेवढे दिसे, बाजूचे काही नाही. पायरी उतरताना ते आधी काठीने चाचपत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, की गेलेली दृष्टी परत येत नाही, राहिली आहे ती जपायची. "तुमच्या जबाबदारीवर न्या," असे त्यांची सून मला म्हणाली, आणि त्यात तिचे काहीच चुकले नाही. मामांना मी एकदाच विचारले, की एवढा हट्ट कशासाठी? ते म्हणाले, "सारस पाहायचा आहे, बाय. आहे ते दिसतंय तोवर."

भरतपूरचे केवलादेव उद्यान आज जगभरच्या पक्षिप्रेमिकांचे तीर्थ झाले आहे. परंतु त्याचा जन्म पक्ष्यांच्या प्रेमातून झालेला नाही. तो त्यांच्या शिकारीतून झाला, ही गोष्ट तेथे जाणाऱ्याने आधी मनाशी नीट बाळगावी असे मला वाटते. मुळात हा एक खोलगट प्रदेश. १८ व्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमापाशी अजान बांध घातला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरच्या संस्थानिकांनी कालवे, बंधारे आणि पाणी सोडण्या-अडविण्याच्या झडपा बांधून या उथळ पाणथळीचे रीतसर शिकारीचे राखीव रान केले. हिवाळ्यात उत्तरेकडून लाखांनी उतरणारी बदके येथेच उतरावीत, म्हणून पाणी. पाणी टिकावे, म्हणून बंधारे. आणि हे सारे साहेबांच्या बंदुकीसाठी. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यासाठी येथे मोठी शिकार झाली, आणि त्यानंतर भारतात आलेल्या बड्या पाहुण्याला भरतपूरची बदके मारण्याचे आमंत्रण हा शिष्टाचारच होऊन बसला.

या रानाला स्थानिक लोक ‘घना’ म्हणतात. घना म्हणजे दाट. मध्यभागी केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे, एक लहानसे देऊळ आहे. त्यावरून उद्यानाचे नाव. क्षेत्रफळ अवघे २९ चौरस किलोमीटर. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात सामावेल एवढेच. एवढ्या जागेत साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

पहाटे सहाला आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा समोर उद्यान नव्हतेच. धुके होते. उत्तर भारतातले जानेवारीचे धुके आम्हां समुद्रकाठच्या माणसांना ठाऊक नाही. आपल्याकडे धुके म्हणजे सकाळी वाडीवर पसरलेला पातळ पडदा, उन्हाची पहिली तिरीप आली की विरून जाणारा. येथे दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. आत मोटारींना मज्जाव. सायकलरिक्षा, टांगा, नाहीतर पायी. आम्ही चार सायकलरिक्षा ठरविल्या. आमच्या रिक्षावाल्याचे वय पन्नाशीचे, डोक्याला मफलर घट्ट गुंडाळलेला, गळ्यात आमच्यापेक्षा चांगली दुर्बीण. तेथील रिक्षावाले नुसती रिक्षा हाकत नाहीत. पक्षी ओळखून दाखवितात, आणि नावे इंग्रजीत घडाघडा सांगतात.

दीड-दोन किलोमीटर गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी लागले असावे, असे गारव्यावरून वाटले. दिसत मात्र काहीच नव्हते. चिटणीसाचा चेहरा पडला. दोन वर्षांची पुंजी, अकरा माणसांचा प्रवास, आणि समोर पांढरी भिंत. रिक्षा थांबवून आम्ही उतरलो. कोणी बोलत नव्हते, म्हणून ऐकू आले असेल.

"अडई," मामा म्हणाले.

"कुठे?" चिटणीसाने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"कुठे ते मला काय विचारतोस? मला दिसत नाही, तसे तुलाही दिसत नाही. पण अडई आहे. शीळ घालते आहे ना ती. तीसेक तरी असतील."

मग ते काठीवर दोन्ही हात टेकवून, मान किंचित डावीकडे कलती ठेवून उभे राहिले आणि एकामागून एक सांगू लागले. हा किणकिणता बारीक आवाज चक्रांगाच्या नराचा. हे खोकल्यासारखे आहे ते वारकरी. (या पक्ष्याला मराठीत वारकरी का म्हणतात, हे त्याचे कपाळ पाहिल्यावर कळते: काळ्या अंगावर नाकापासून कपाळापर्यंत पांढरा टिळा. नाव ठेवणारा माणूस रसिक असला पाहिजे.) वेतात चाललेली ही भांडणे जांभळ्या पाणकोंबडीची. आता डोक्यावरून काहीतरी गेले, पंखांचा खडखडाट झाला, तो थापट्या. थापट्या उठताना असाच वाजतो. दूरवरून नाकात बोलल्यासारखा दुहेरी आवाज येऊ लागला तेव्हा मात्र ते थांबले. "हा मला ठाऊक नाही." रिक्षावाला म्हणाला, "बार-हेडेड गूज, बाबूजी." म्हणजे आपला पट्टकदंब, हिमालय ओलांडून येणारा. मामांनी मान डोलावली. "आमच्याकडे नसायचा."

मुली वहीत भराभर लिहून घेत होत्या. जो पक्षी दिसला नाही, नुसता ऐकला, त्याच्यापुढे ‘ऐ’ असे अक्षर घालायचे, हा आमच्या मंडळाचा नियम. त्या सकाळी पान ‘ऐ’ने भरून गेले.

सिस्टरनी सहज विचारले, "मामा, असे कान कुठे तयार झाले तुमचे?"

"खाजणात. बंदूक घेऊन बसायचो पहाटे. उजाडण्याआधी कानानेच ठरवावे लागते, काय येतंय ते."

त्या दोन मुलींपैकी धाकटीला हे ठाऊक नव्हते. तिने मामांना कधी बांधावर चिखलात गुडघ्यापर्यंत उभे राहून बगळे मोजतानाच पाहिलेले. "तुम्ही बदके मारायचात?" तिच्या आवाजात राग नव्हता, पण तो प्रश्न तिने जरा हळू विचारला.

"मारायचो. नाताळला रस्सा लागायचा ना."

मला हे ठाऊक होते. त्या रश्श्याची चव मी विसरलेले नाही. नाताळच्या पंगतीत आई वाढताना सांगायची, की दाताखाली छर्रा आला तर गिळू नका, ताटाच्या कडेला ठेवा. आणि जेवण झाल्यावर आम्ही मुले कोणाच्या ताटात किती छर्रे निघाले ते मोजत असू. बंदूक मामांची नव्हती. गावातल्या एका वतनदाराची होती. सलग सात-आठ हिवाळे मामा त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी बदके मारीत. पुढे १९६६ च्या सुमारास त्यांनी हे सोडले. लोकांना अशा वेळी एखादी हृदयद्रावक गोष्ट ऐकायला आवडते: घायाळ पक्ष्याने डोळ्यांत पाहिले आणि शिकाऱ्याचे अंतःकरण पालटले. तसे काही घडले नाही. वतनदाराने बंदूक विकली. कानांना मात्र सवय राहिली. बंदूक नसली तरी पहाटे जाग यायची, आणि जाग आली की मामा खाजणात जायचे. पाखरे मोजण्याची सुरुवात त्यातून झाली.

यात आश्चर्य काहीच नाही. आपल्या देशातल्या पक्षिविद्येचे जनक डॉ. सालिम अली यांनीही लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथेच त्यांचे आयुष्य ठरले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही पडणारी चिमणी आहे. शुभवर्तमान वाचणाऱ्याला ते शब्द ओळखीचे वाटतात. याच सालिम अलींनी स्वातंत्र्यानंतर भरतपूरसाठी पंडित नेहरूंपर्यंत रदबदली केली. घना आटवून शेतीसाठी द्यावा अशी तेव्हा जोरदार मागणी होती. १९५६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले, तरी संस्थानिकांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालू होता. त्यांच्या सोसायटीने येथे वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या पायांत वाळे घालण्याचे काम केले, तेव्हा पक्षी इजा न होता धरायचे कसे हे शिकविले ते बिहारातल्या मीरशिकारांनी. ज्यांचा पिढीजात धंदाच पाखरे पकडून विकण्याचा होता.

दहाच्या सुमारास धुके वर उचलले जाऊ लागले. पाणी आधी दिसले, मग पाण्यातल्या बाभळी, मग बाभळींवरचे चित्रबलाक. एकेका झाडावर दहा-दहा, पंधरा-पंधरा घरटी. पिवळी लांब चोच, पाठीकडे गुलाबी पिसे, आणि शेजारी त्यांच्याच उंचीची मळकट राखी पिल्ले, खाऊ मागण्यासाठी माना हलवीत. हा प्रचंड कोलाहल आम्ही इतका वेळ धुक्यातून ऐकत होतो, पण तो झाडांवर आहे हे कळत नव्हते. तिरंदाज पंख पसरून वाळत बसलेले. चमच्यांची एक रांग पाणी ढवळीत चालली होती. यादी येथे देत नाही. ज्यांना हवी त्यांनी आमच्या चिटणीसाकडे मागावी, तो आनंदाने सगळी वाचून दाखवील.

देवळापाशी आलो तेव्हा चांगले ऊन पडले होते. जवळच दगडी पाट्या उभ्या आहेत. त्यांवर शिकारींच्या तारखा, पाहुण्यांची नावे, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या कोरलेली आहे. मामांना अक्षरे लागत नव्हती. "मोठ्याने वाच," असे ते मला म्हणाले. आयुष्यभर वर्गात मोठ्याने वाचण्याचेच काम केले, त्यामुळे मी वाचले. लाटसाहेब, राजेरजवाडे, सेनापती. वाचता वाचता १२ नोव्हेंबर १९३८ या तारखेपर्यंत आले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. पक्षी: ४२७३.

"परत सांग."

"चार हजार दोनशे त्र्याहत्तर. एका दिवसात."

सिस्टरनी तेथल्या तेथे हिशेब केला. दिवसाचे आठ तास गोळीबार चालला असे धरले, तरी मिनिटाला नऊ पक्षी. निवृत्त मोटरमन हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ, त्यांनी नुसते "देवा!" म्हटले. मामांच्या मनात वेगळेच चालले होते. "उचलली कुणी?" त्यांनी विचारले.

कोणाला प्रश्न कळला नाही.

"बदक पडते ते पाण्यात. साहेब काही पाण्यात उतरत नाही. चार हजार बदके थंडीच्या दिवसांत छातीभर पाण्यातून उचलून कुणीतरी आणली असतील. त्यांची नावे आहेत का खाली?"

मी पाटी पुन्हा पाहिली. नव्हती.

"मी जन्मात दोनशे मारली असतील, फार तर अडीचशे," ते म्हणाले. ही सबब नव्हती, की पश्चात्तापही नव्हता. आकडा होता. पक्षी मोजणाऱ्या माणसाला आकडा लपविता येत नाही. मग ते देवळाच्या ओट्यावर बसले आणि आम्ही शिदोऱ्या सोडल्या.

तेथेच रिक्षावाला मोकळेपणाने बोलू लागला. मामांनी विचारले, की तू मूळचा कुठला? त्याने हात करून दाखविले: ती भिंत दिसते ना, तिच्यापलीकडे. उद्यानाभोवती दोन मीटर उंचीची दगडी भिंत आहे. लहानपणी, म्हणाला, भिंतीचे आम्हांला काही वाटत नसे. फाटके होती, आमच्या म्हशी रोज आत यायच्या. आसपासच्या गावांची दोन-अडीच हजार जनावरे घन्यात चरत. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. गावकरी जमले. पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. घरच्या म्हशी विकाव्या लागल्या.

हा इतिहास मी पुस्तकांत वाचला होता. पण ज्याच्या म्हशी गेल्या त्याच्या तोंडून, त्याच जागी, भाकरी खाताना ऐकणे निराळे. याहून विलक्षण भाग पुढेच आहे. म्हशी गेल्यामुळे पक्षी वाढतील अशी अपेक्षा होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे येथे अभ्यास केला आणि त्यातून उलटेच निष्पन्न झाले. पाण्यातले गवत म्हशी खात होत्या, म्हणून पाणी उघडे राहत होते. म्हशी गेल्या, गवत माजले, पाण्यावर त्याचा गालिचा पसरला, आणि बदकांना उतरायला जागा उरेना. पक्ष्यांची संख्या घटली. ज्या शास्त्रज्ञांचा चराईबंदीला पाठिंबा होता, त्यांच्याच अहवालाने म्हशींची बाजू घेतली. असा अहवाल प्रसिद्ध करण्यास प्रामाणिकपणा लागतो, आणि तो त्यांनी दाखविला हे मान्य केले पाहिजे. मेलेल्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी मिळाली. माजलेली विलायती बाभूळ मुळासकट उपटण्याचे कामही गावांना देण्यात आले आणि लाकूड त्यांनाच मिळाले.

"गवताला ही शहाणपणाची वाट आधीच काढता आली असती," आमचा मोटरमन म्हणाला. रिक्षावाल्याने खांदे उडविले. "साहेब, आम्हांला तेव्हा कुणी विचारले नाही."

यावरून पाण्याचा विषय निघाला आणि आमच्यातच वाद पेटला. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण आहे. २००४ साली पाऊस कमी झाला, तेव्हा तेथल्या शेतकऱ्यांनी धरणाचे पाणी घन्यासाठी सोडू दिले नाही. त्यानंतरच्या वर्षांत घना कोरडा पडत गेला. चित्रबलाकांनी घरटी बांधली नाहीत, जागतिक वारशाचा १९८५ साली मिळालेला दर्जा राहतो की जातो अशी चर्चा सुरू झाली. शेवटी यमुनेच्या पुराचे पाणी गोवर्धन नाल्यावरून नळाने आणण्याची योजना झाली. २०१२ च्या सुमारास ते पाणी येऊ लागले. चंबळेचेही थोडे पाणी मिळते. म्हणजे आज आपण जे ‘नैसर्गिक’ तळे पाहतो, ते राजाच्या बांधापासून सरकारच्या नळापर्यंत सर्व काळ माणसाने भरलेले आहे.

चिटणीसाचे म्हणणे असे, की ते शेतकरी स्वार्थी होते. पाच-सहा हजार किलोमीटरवरून येणाऱ्या पाखराला घोटभर पाणी नाकारणे ही क्रूरता होय. त्याचे वय लहान आहे आणि मन चांगले आहे. पण मला त्याचे पटले नाही, आणि अजूनही पटत नाही. आमच्या गावच्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून शहराकडे जाताना मी पाहिले आहे. वाडीतली केळ सुकत असताना आपले पाणी दुसरीकडे जाणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ते पाणी तेव्हा माणसांकडे गेले, येथे पक्ष्यांकडे जाणार होते, एवढाच फरक. करौलीच्या शेतकऱ्याने "आधी माझा गहू" म्हटले म्हणून त्याला पक्ष्यांचा वैरी ठरविणे मला जमणार नाही. आणि तरीही, समोर बाभळीवर पिल्लाच्या चोचीत चोच घालून उभा असलेला तो चित्रबलाक पाहताना, "नको ते पाणी" असे म्हणणेही मला जमले नसते. सिस्टर म्हणाल्या, की दोन्ही बाजूंनी रडता येते तेव्हा प्रश्न खरा असतो. वाद तेथेच थांबला, मिटला नाही.

दुपारी पाणथळीच्या दक्षिणेकडील मोकळ्या गवताळ भागात गेलो. वाटेत एका बिळाशी ऊन खात पडलेला अजगर पाहिला. मुलींनी त्याची छायाचित्रे घेतली. मी तेथून लवकर निघाले.

रिक्षावाला क्रौंचांविषयी सांगत होता. सैबेरियन क्रौंच आता घन्यात येत नाही. पश्चिम सैबेरियातून, अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून हा पांढराशुभ्र पक्षी दर हिवाळ्यात येथे येत असे. १९६४-६५ च्या हिवाळ्यात दोनशेच्या आसपास होते. वाटेत शिकार होत गेली, मुक्कामाची तळी आटली, लढाया झाल्या. १९९३ च्या हिवाळ्यात एकही आला नाही, त्यापुढच्या हिवाळ्यातही नाही. मग पुन्हा तीन-चार आले, आणि २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली ती शेवटची. चीनमधल्या पोयांग सरोवरावर या जातीचे पक्षी आजही उतरतात. पण भारताची वाट ठाऊक असलेले संपले. पिल्ले आईबापांच्या मागोमाग उडून रस्ता शिकतात. शिकविणारेच उरले नाहीत, तर रस्ता पुसला जातो. रिक्षावाल्याने ती शेवटची जोडी पाहिली होती. "त्या साली इतके परदेशी लोक आले, की दिवसाला तीन-तीन फेऱ्या केल्या," तो म्हणाला. "पुढच्या साली रोज सकाळी येऊन बघायचो. रिकामे रान."

मग त्याने रिक्षा थांबविली आणि बोट दाखविले.

सारसांची जोडी. दीड-दोनशे मीटरवर, गवतात, एकमेकांपासून चार पावलांवर. माणसाच्या उंचीचा हा पक्षी; उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. महाराष्ट्रात आता तो गोंदिया-भंडाऱ्याकडे, तोही मोजकाच उरला आहे. आम्हां सर्वांना नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मामांना दिसत नव्हता. मी त्यांची मान धरून त्या दिशेला वळविली, काठीने दिशा दाखविली, झाडाची खूण सांगितली. "नाही गं," ते म्हणाले. अकरा जण गप्प उभे. तेवढ्यात त्या पक्ष्यांना उडून जायला काय हरकत होती? मला त्या क्षणी त्यांच्या सुनेचे शब्द आठवले, का ते सांगता येत नाही.

चिटणीसाने तिपाईवरची मोठी दुर्बीण उभी केली. रिक्षावाल्याने ती नेम धरून सारसावर लावली आणि मामांना खांद्याला धरून, उजवा डोळा बरोबर काचेवर येईल असे उभे केले. वाचकहो, येथे मला एक साधी गोष्ट उमगली, जी खरे तर डॉक्टरांनीच सांगितली होती. काचबिंदूने कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. दुर्बिणीतून आपण सारे जण बोगद्यातूनच पाहतो. पक्षी एकदा मध्यभागी आणून ठेवला, की तेथे मामांचा डोळा आणि माझा डोळा यांत फारसा फरक उरत नाही.

ते पाहत राहिले. नियमाप्रमाणे दर माणसाला मिनिटभर. पण कोणी "आता मी" म्हटले नाही. मधेच नराने मान आकाशाकडे उचलून तुतारीसारखा आवाज काढला, मादीने त्याच्या प्रत्येक हाकेला दोन हाका दिल्या, आणि तो नाद रानभर पसरला. मामा डोळा काढीनात. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"मान लाल आहे गं. चित्रात दाखवतात त्याहून पुष्कळ लाल."

मग बाजूला झाले आणि "आता मुलींना बघू दे," म्हणाले.

परतताना मामांनी रिक्षावाल्याला विचारले, की आता घरी म्हशी आहेत का? दोन आहेत, त्याने सांगितले; खुंट्याला बांधून, गवत कापून आणून घालावे लागते. दूध किती देतात, भाव काय मिळतो, पेंड कितीला, असे त्यांचे बोलणे फाटकापर्यंत चालू होते. ठरलेल्या भाड्याहून जास्त पैसे देण्यावरून चिटणीस आणि मामा यांच्यात थोडी कुरबूर झाली. मामांनी ऐकले नाही.

रात्री आग्र्याच्या गाडीची वाट पाहत भरतपूर स्टेशनवर आम्ही वहीचा हिशेब केला. ८७ जाती. सकाळी ‘ऐ’ लावलेले बहुतेक पक्षी ऊन पडल्यावर दिसले होते, त्यामुळे ती अक्षरे खोडण्यात आली. तीनच उरले. त्यांतले दोन रिक्षावाल्यानेही ऐकले होते. तिसरा म्हणजे पाणलावा; धुक्यात पायाजवळून फुर्रकन उठून खरखरीत आवाज करीत गेला, तो फक्त मामांनी ओळखला होता. चिटणीस काटेकोर माणूस. "दुसऱ्या कुणाची खात्री नाही," तो म्हणाला, आणि पाणलाव्यापुढे त्याने ‘ऐ’ ठेवून वर एक प्रश्नचिन्ह घातले. सिस्टरना ते आवडले नाही. त्या मामांची बाजू घेऊन बोलू लागल्या.

"राहू दे ते प्रश्नचिन्ह," मामा मफलर कानांवरून घेत म्हणाले. "निम्मी काडतुसे त्याच्यामागे फुकट गेली माझी. तेव्हाही तो कधी नीट सापडला नाही."

धुके पुन्हा उतरू लागले होते. गाडी पाऊण तास उशिरा आली.